सोमवारचा तपास

गेल्या सोमवारी तुम्ही आला नाहीत, तेव्हा आधी मला रागच आला, हवालदार. साडेदहाला मी निर्वासित छावणीच्या कचेरीतली तपासाची खिडकी उघडली, दौत भरली, नवा टीपकागद लावला, आणि अकरा वाजून गेले तरी तुमची खाकी टोपी काही दिसेना. नऊ वर्षांत तुम्ही एक सोमवार चुकवला नव्हता. पावसाळ्यात गुडघाभर चिखल तुडवत यायचात, पण यायचात. मी मनात म्हटलं, येऊ देत, आज चांगली हजेरी घेते.

दुपारी खिडकी लावून मी तुमच्या बराकीकडे निघाले. पत्ता पाठ होता, इतक्या पत्रांखाली मीच तो लिहिला होता. पाय मात्र तिकडे पहिल्यांदाच वळत होते. गोणपाटाच्या पडद्याबाहेर तुमची शेजारीण पापड लाटत बसली होती. मी तुमचं नाव घेतलं तसं तिनं लाटणं खाली ठेवलं.

"किसी ने बताया नहीं तुमको?" ती म्हणाली. "बुधवार को गुजर गये. छाती भर गयी थी. दो दिन भी नहीं निकाले."

बराकीतल्या पुरुषांनीच तुम्हाला नेलं आणि अग्नीही त्यांच्यातल्याच कुणी दिला म्हणे. तिनं मला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "तुम उनकी कौन?"

मी म्हणाले, "कचेरीतली बाई." तिनं मला बसायला पाट दिला आणि तांब्याभर पाणी दिलं.

आज रविवार. दादा-वहिनी बदलापूरला मुंजीला गेलेत. विधवा बहिणीला मुंजीला न नेण्याची रीत वहिनी अजून पाळते आणि आज पहिल्यांदाच मला त्या रीतीचं बरं वाटलं. घरात कुणी नाही. अंबरनाथच्या या दोन खोल्यांत बसून मी तुम्हाला लिहिते आहे, कारण चार वर्षं एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवून ठेवली. दर सोमवारी ठरवायची, आज सांगू. दर सोमवारी राहून जायचं. आता तुम्ही नाही म्हटल्यावर मला धीर आला, असली मी शूर.

तुमची बायको मला सापडली होती, हवालदार. मोहिनी. ती जिवंत आहे. आणि ती आपल्याच छावणीत होती.

आता एवढं लिहून झालंच आहे, तर सगळं सुरुवातीपासून लिहिते. घाईघाईत सांगितलेलं तुम्हाला कधी पटायचं नाही.

अठ्ठेचाळीस सालच्या थंडीत तुम्ही पहिल्यांदा खिडकीशी आलात. तेव्हा उल्हासनगर हे नावही पडलं नव्हतं, लोक कल्याण कॅम्पच म्हणत. मी कचेरीत नवी होते. मॅट्रिकचा दाखला आणि बरं इंग्रजी अक्षर एवढ्या भांडवलावर दादानं मला चिकटवली होती. समोर माणसांचा नुसता पूर. कुणाचा भाऊ हरवला, कुणाची म्हातारी, कुणाचं ट्रंकेतलं सोनं, आणि सगळे एकदम सिंधीत बोलायचे. तुम्ही मात्र टाचा जुळवून उभे राहिलात आणि पाठ केल्यासारखं म्हणालात, "हवालदार तोलाराम, सप्लाय, बर्मा और मलाया. बीवी लापता."

मला हसू आलं होतं, ते मी खोकल्यात लपवलं. तुम्हाला ते दिसलं होतं, हे तुम्ही मला पाच वर्षांनी सांगितलंत.

तुमची हकिकत मी तुकड्यातुकड्यांनी गोळा केली. लग्न होऊन महिना झाला नाही तोच तुम्ही फौजेत गेलात. तिला तुमच्या आईपाशी लाडकाण्याला ठेवलंत. मधे एकदा वीस दिवसांची रजा मिळाली. मग बर्मा, मग मलाया. लढाई संपली तरी तुमचं खातं काही तुम्हाला सोडेना, कारण पलटणी परत गेल्या तरी गोदामं मोजायला कुणीतरी लागतंच. आई गेल्याचं पत्र तिकडेच मिळालं. त्यानंतर मोहिनीचं एक पत्र, मग काहीच नाही. तुमची बोट मुंबईला लागली तोवर तुमचं गाव दुसऱ्या देशात जाऊन बसलं होतं. सुटकेचे कागद करणाऱ्या कारकुनानं विचारलं, रेल्वेचा पास कुठला करू? तुम्ही सवयीनं लाडकाणा म्हणालात आणि त्यानं टाक खाली ठेवला.

मग त्यांनी तुम्हाला इथं पाठवलं. याच छावणीतून तुम्ही लढाईला गेला होतात, याच बराकीत दहा दिवस पथारी टाकली होती. "तेव्हा अख्खी बराक होती, बाई," तुम्ही म्हणायचात. "आता चौथा हिस्सा. बढतीच झाली म्हणायची."

चहाच्या टपरीवर तुम्हाला चिडवायचे. पीठवाला फौजी, बंदूक कधी हातात धरलीत का? एकदा मी कानानं ऐकलं. तुम्ही शांतपणे बशीतला चहा संपवलात आणि म्हणालात, "बंदूकवाला भूखा हो, तो बंदूक लाठी है." आणि टोपी घालून निघालात. रेशनच्या दुकानात मापाडी म्हणून लागलात तेव्हाही तोच ताठा. माप भरलं की तळहातानं वरून सपाट करायचं, दाबायचं नाही, हलवायचं नाही. बायका तुमच्याच वजनासाठी थांबायच्या. दुकानदार वैतागायचा आणि तरी तुम्हाला काढायची त्याची छाती नव्हती. सोमवारी दुकान बंद, म्हणून सोमवार माझा.

पहिलं पत्र लिहिताना मी विचारलं होतं, दिसायला कशी? तुम्ही म्हणालात, गोरी. मग म्हणालात, गोरी म्हणजे फार नाही. उंची? तुम्ही हात आधी खांद्याशी धरलात, मग हनुवटीशी नेलात, मग खाली घेतलात. दोन महिन्यांचासुद्धा संसार नाही आणि मधे सगळी लढाई, माणूस किती लक्षात ठेवणार? पण तुम्हाला इतकी शरम वाटली की त्या दिवशी तुम्ही बाकीचं न सांगताच गेलात. मी आपली लिहून मोकळी झाले: मोहिनी, पती हवालदार तोलाराम, राहणार लाडकाणा, वर्ण गोरा, बांधा मध्यम. कोल्हापूर, देवळाली, अजमेर, कटनी, जोधपूर. जिथं जिथं तुमची माणसं जाऊन पडली होती, तिथं तिथं हेच पत्र गेलं. उत्तर ठरलेलं: या नावाची नोंद नाही.

आता माझा अपराध ऐका. तुमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात, आमच्यातही बदलतात. माझ्या यजमानांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं 'रमा' लिहिलं आणि मी बदलापूरला दीड वर्ष रमा होते. ते विषमज्वरानं गेले, मी भावाकडे परत आले आणि पुन्हा कुमुद झाले. दाखल्यावर कुमुद, पगारपत्रकावर कुमुद, दादाच्या रेशनकार्डावर कुमुद. उद्या बदलापूरचं कुणी रमेला शोधत आलं असतं, तर माझ्याच कचेरीत माझीच नोंद त्याला सापडली नसती. इतकं ढळढळीत असून मला पाच वर्षांत सुचलं नाही की तुम्हाला विचारावं, हवालदार, माहेरी तिचं नाव काय होतं? तुम्हालाही सुचलं नाही. तुमच्या लेखी ती मोहिनीच, तुमच्या घरानं ठेवलेलं नाव. मी बाई असून, दोन नावांनी जगून, मला सुचू नये! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. कळसा माझ्याच काखेत होता.

या सगळ्याच्या मधे आपलं ते भांडण झालं, आठवतं ना? दुपारची वेळ, कामं संपलेली. तुम्ही एकदम म्हणालात, "बाई, एक विचारू? तुम्ही लग्न का नाही करत परत? सरकारनं मना केलंय काय?"

"तुम्ही का नाही करत?" मी म्हणाले.

"माझी आहे ना."

"माझा नव्हता?"

"तुमचा गेला, बाई. माझी हरवली. फरक आहे."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. तुम्हाला टोचायचं नव्हतं हे आज कळतं, तुम्ही आपला गोदामातला हिशेब सांगत होतात, संपलेला माल वेगळा आणि हरवलेला वेगळा. पण मी तीन सोमवार तुम्हाला शेजारच्या टेबलावरच्या सान्यांकडे पाठवलं. सान्यांचं इंग्रजी म्हणजे देवाची करणी. त्यांनी पत्रात तुम्हालाच बेपत्ता करून टाकलं होतं. चौथ्या सोमवारी तुम्ही ते पत्र घेऊन आलात, खिडकीत ठेवलंत आणि म्हणालात, "बाई, यांच्याकडे मी जास्त दिवस जिवंत राहणार नाही." मी हसले आणि भांडण मिटलं. म्हणजे बोलणं सुरू झालं एवढंच. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही आणि तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत.

छावणीतले सगळे पुरुष मला अदी म्हणायचे, म्हणजे ताई. तुम्ही मात्र नऊ वर्षांत एकदाही अदी म्हणाला नाहीत. हे मी कधीपासून मोजत होते ते नका विचारू.

त्यानंतरच्या वर्षी, जूनमध्ये, मंगळवारी, एक बाई मूल कडेवर घेऊन आली. मामाच्या कार्डावरचं नाव काढून नवऱ्याच्या कार्डावर घालायचं होतं. नाव ईश्वरी. नवरा फेरीवर कापड विकणारा, बिजवर. मी सहज विचारलं, "पहिलंच लग्न?"

"दूसरी," ती म्हणाली. "पहला फौज में था. बर्मा गया."

माझा टाक थांबला. नाव विचारलं तर तिनं मान खाली घातली. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, मग तो पहिला असो की दुसरा. गाव विचारलं. लाडकाणा. फौजेत काय होते? "रसद में." मग मी विचारलं, सासरी तुला काय म्हणायचे? तिनं मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मोहिनी म्हणाली.

सासू गेल्यावर ती मामाकडे शिकारपूरला गेली होती. फाळणीत त्यांच्याबरोबर आली. मामा म्हणाले, तार आलीय, तुझा नवरा गेला. ती तार तिनं पाहिली नव्हती. पाहिली असती तरी वाचता येत नव्हती. कुमारिका म्हणून माहेरच्या नावानं कार्ड झालं, मग तिचं दुसरं लग्न लावून दिलं.

मी तिचं नाव नवऱ्याच्या कार्डावर चढवलं, शिक्का मारला आणि कार्ड दिलं. तिला काही बोलले नाही. सहा दिवसांनी तुम्ही आलात, त्याच खिडकीशी, आणि म्हणालात, "बाई, यावेळी जोधपूरला लिहू या."

आणि मी लिहिलं.

स्वतःला मी सांगितलं की तिच्या कडेवर मूल आहे, मोडेल तो संसार. तुम्ही सैनिक माणूस, हे ऐकून काय कराल कुणास ठाऊक. हे सगळं खरंच होतं, पण खरं कारण वेगळं होतं. बायको सापडली की तपास संपतो आणि तपास संपला की सोमवार संपतो. काही काम नसताना तुम्ही नुसते नवे बूट दाखवायला खिडकीशी येणार नव्हता. मला तुम्ही हवे होतात, हवालदार. त्या खिडकीच्या गजापलीकडे, आठवड्यातून एकदा, अर्धा तास. याहून जास्त मागायची माझी हिंमत नव्हती आणि हा अर्धा तास सोडायचीही नव्हती. तिला तर दोन-दोन नवरे मिळाले, असलं वाईटसाईट मनात आणून मी तिचा हेवाही केला. तुमच्यासमोर पत्र पाकिटात घालायची, पत्ता लिहायची आणि तुम्ही गेलात की ते खणात टाकायची. एकही पत्र पुढं गेलं नाही. तुम्ही टपालाचं तिकीट स्वतः चिकटवायचात, तळहातानं सपाट करून.

शुक्रवारी रजा टाकून मी ईश्वरीकडे गेले. तुम्ही गेलात, निदान आता तरी तिला कळावं असं वाटलं. की मला माझं पाप कुणासमोर तरी ओकायचं होतं? दोन्हीही असेल. तिचा नवरा फेरीवर होता. मुलाला तिनं बाहेर खेळायला पाठवलं. मी तिला सांगितलं की तिचे पहिले यजमान बर्मात गेले नव्हते. इथंच होते, नऊ वर्षं, आणि गेल्या आठवड्यात वारले. मी तिची माफी मागणार तोच तिनं हात वर केला.

"मालूम है," ती म्हणाली.

मला आधी समजेना. मग तिनं सांगितलं. अडीच वर्षांमागची शिवरात्र. अंबरनाथच्या देवळाची जत्रा. ही नवऱ्याबरोबर, मूल नवऱ्याच्या खांद्यावर. गर्दीत मुलाची टोपी पडली म्हणून ही ओरडली आणि पुढं चाललेला एक माणूस जागच्या जागी वळला. त्यानं टोपी उचलली. झटकली. नवरा हात पुढं करून उभा होता, पण त्यानं टोपी हिच्या हातात दिली.

"टोपी ऐसे हथेली से सीधी की," तिनं मांडीवर तळहात फिरवून दाखवला. "मैं समझ गयी. वो भी समझ गये. बच्चे को देखा, मेरे आदमी को राम राम बोला और चले गये. फिर कभी नहीं दिखे."

नंतर ती रडली. हुंदके दाबत, दाराकडे पाहात, कारण तुमच्यासाठी उघड रडायचा हक्क तिलाही नव्हता. मला तिचा राग येईना आणि हेवाही वाटेना. निघताना तिनं विचारलं की शेवटी त्यांच्याजवळ कोण होतं, आणि मी खोटं बोलले. म्हणाले, मी होते.

परत येताना मी रस्त्यानं मोजत आले. अडीच वर्षांमागची शिवरात्र. म्हणजे त्यानंतरचे सगळे सोमवार तुम्हाला माहीत होतं. मला माहीत होतं. आणि आपण दोघं गजाच्या दोन बाजूंना बसून कटनी आणि अजमेरला पत्रं लिहीत होतो. उत्तर आलं का, असं तुम्ही शिवरात्रीनंतर एकदाही विचारलं नाहीत. मी आपली खूश होते की खोटं सांगायची वेळ येत नाही.

आणि मग तो सोमवार आठवला, जत्रेनंतरचा पहिलाच. तुम्ही पेपरात गुंडाळून उकडलेली रताळी आणली होतीत. खिडकीत ठेवलीत आणि बसलात. टोपी काढून मांडीवर ठेवलीत. तशी तुम्ही कधी काढत नसा. मग म्हणालात, "बाई, समजा हरवलेलं सापडलं आणि ते आपलं राहिलेलं नसलं, तर माणूस मोकळा होतो ना?"

वाटलं, तुम्हाला कळलं, मी लपवलेलं तुम्हाला कळलं, आता तुम्ही हिशेब विचारणार. तुम्ही काय विचारत होता ते मी ऐकलंच नाही. मान खाली घालून मी दौतीत टाक बुडवला आणि म्हणाले, "पत्र सांगा, हवालदार. मागे रांग आहे."

तुम्ही मागे वळूनसुद्धा पाहिलं नाहीत. टोपी घातलीत आणि जोधपूरचा पत्ता सांगायला लागलात.

रांग नव्हती, हवालदार. खिडकीशी त्या वेळी तुमच्याशिवाय कुणीही नव्हतं.